बेळगावचा ट्रक आणि काश्मीरचा हिवाळा: एका तयारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बेळगाव शहराच्या कडेला राहणाऱ्या एका ट्रकमालकाच्या दहा टायरच्या दोन गाड्या आहेत. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमधून निघणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माल पुणे, राजकोट, लुधियाना अशा ठिकाणी पोहोचवायचा आणि परतीचे मिळेल ते भाडे घेऊन यायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. मालक स्वतः पूर्वी चालक होते, त्यामुळे गाडीची नाडी त्यांना कळते. मी अवजड वाहनांच्या कार्यशाळेत देखरेखीचे काम करून निवृत्त झालो आहे. या प्रकरणात त्यांनी मला सल्ल्यासाठी बोलावले होते, आणि पुढे लिहिलेले बहुतेक सारे माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

आपल्याकडची थंडी ही शेकोटीची आणि कानटोपीची थंडी आहे. डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, चोर्ला आणि आंबोली घाटात धुके साचते, आणि गाडी सुरू होताना सेल्फ एकदा जास्त मारावा लागतो, इतकाच काय तो फरक. बेळगावच्या गॅरेजमध्ये पाणी गोठण्याचा विचार कोणी करत नाही, कारण तशी वेळ येथे येतच नाही. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालून वर्षानुवर्षे गाड्या चालवल्या जातात. त्या पाण्याने आत क्षार धरतो हे सर्वांना ठाऊक असते, पण गाडी थांबत नाही म्हणून सवयही मोडत नाही.

या सवयीची किंमत मालकांनी आदल्या वर्षीच्या जानेवारीत मोजली होती. त्यांची एक गाडी पहिल्यांदाच काश्मीर खोऱ्यात गेली, माल उतरवून काझीगुंडजवळ रात्री उभी राहिली, आणि सकाळी सुरू करून थोडे अंतर जाताच इंजिन तापू लागले. चालकाने खाली वाकून पाहिले, तेव्हा ब्लॉकच्या बाजूचा एक कोअर प्लग निम्मा बाहेर आला होता आणि तेथून पाणी गळत होते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ब्लॉकमध्ये त्याला जागा मिळाली नाही, म्हणून पत्र्याची ती वाटीसारखी चकती त्याने बाहेर लोटली. एका अर्थी ते बरेच झाले, कारण प्लग निघाला नसता तर ब्लॉकलाच चीर गेली असती. गाडी टोचन करून नेणे, अनोळखी गावात मेस्त्री शोधणे आणि परतीचे भाडे हातचे जाणे, यात बारा दिवस गेले.

समस्या

पुढल्या वर्षी नोव्हेंबरअखेरीस त्याच मालकांकडे पाणीयोजनेचे बिडाचे व्हॉल्व्ह आणि जोड श्रीनगरला पोहोचवण्याचे भाडे आले. परतीला सफरचंदांचा माल ठरण्यासारखा होता. गाडी निघायला अकरा दिवस होते आणि माल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचवायचा होता. काश्मीरमध्ये ज्याला चिल्लई कलान म्हणतात, तो चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. म्हणजे गाडी नेमकी त्याच्या उंबरठ्यावर पोहोचणार होती. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरात पारा उणे ८.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे लक्षात घेतले की अंदाज येतो.

पहिल्या भेटीत मालक म्हणाले, "काका, कूलंट घालतो आणि टायरांना बर्फाच्या साखळ्या घेतो. आणखी काय लागतंय वो?" प्रश्न प्रामाणिक होता. मागचा घाव रेडिएटरच्या पाण्याचा होता, म्हणून सारे लक्ष तेथेच एकवटले होते. मी त्यांना कागद घेऊन बसायला सांगितले आणि एकच गोष्ट लिहायला लावली, ती म्हणजे या गाडीत पाणी कोठे कोठे साठते. रेडिएटर आणि ब्लॉक हे त्यांनी लगेच लिहिले. मग ब्रेकसाठीच्या हवेच्या टाक्या आठवल्या. डिझेल फिल्टरच्या बुडाशी जमणारे पाणी मेस्त्रीने सुचवले. ॲडब्लूची, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी मी सांगितली, कारण गाडी बीएस-६ प्रदूषण नियमांची होती. बॅटरीतल्या आम्लातही पाणीच असते. शेवटी ब्रेकच्या ड्रममध्ये, लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारी पट्टी) आणि ड्रम यांच्यामध्ये बसणारी ओल, जी कोणालाच आठवली नव्हती, ती मी लिहिली. पुढच्या अकरा दिवसांचे काम याच यादीवरून चालले. यादीतली ही शेवटची, ब्रेकमधल्या ओलीची ओळ आम्ही लिहिली खरी, पण तिला पुरेसे वजन दिले नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय भाडे नाकारण्याचा होता. मालकांच्या घरून त्यालाच पसंती होती, कारण मागची बारा दिवसांची ओढाताण सर्वांच्या स्मरणात होती. दुसरा पर्याय जम्मूच्या नरवाल येथे माल स्थानिक गाडीत भरून द्यायचा आणि आपली गाडी तेथूनच परत फिरवायची, हा होता. घाटाचा रस्ता रोजचा असलेला चालक आणि त्या थंडीला सरावलेली गाडी मिळते, हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा की बिडाचा माल क्रेनने दोनदा हाताळावा लागतो, मोडतोडीची जबाबदारी कोणाची यावर वाद होतो आणि सफरचंदांचे भाडे हातचे जाते. तिसरा पर्याय पूर्ण तयारी करून आपलीच गाडी शेवटपर्यंत नेण्याचा होता.

निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाची सांगड घालून झाला. तयारी श्रीनगरपर्यंतची करायची, मात्र जम्मूत पोहोचल्यावर पुढच्या तीन दिवसांचा हवामानाचा अंदाज आणि वाहतूक पोलिसांची सूचना पाहायची. बर्फाचा इशारा असेल तर माल तेथेच दुसऱ्या गाडीत द्यायचा. हे फाउंड्रीच्या मालकांना आधीच कळवून त्यांची संमती घेतली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता. एकदा घाटाच्या तोंडाशी पोहोचले की "इतक्या लांब आलोय, आता मागे कशाला" हा विचार चालकाला पुढे ढकलतो. मागे फिरण्याची परवानगी घरून निघतानाच दिलेली असेल, तर तो विचार फिका पडतो.

प्रत्यक्ष तयारी

काम ऑटोनगरच्या एका गॅरेजमध्ये झाले. पहिल्या दिवशी रेडिएटरची तोटी सोडून पाणी काढले. ते गंजाने तांबूस झालेले होते. सुमारे २० लिटर पाणी निघाले आणि तितकेच कूलंट व शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण भरले. कूलंटमधला गोठण रोखणारा घटक म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. त्याचे असे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे काम झाले असे सर्वांना वाटले. मी मालकांना गाडी खानापूरपर्यंत नेऊन आणायला सांगितली, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडून सगळे पाणी एकमेकांत मिसळेल. परत आल्यावर इंजिन निवू दिले आणि मिश्रणाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर या कूलंटचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाच्या काचेवर ठेवून पाहिले. उत्तर निघाले सुमारे २९ टक्के.

मेस्त्री चकित झाला, पण हिशेब सरळ होता. या इंजिनाच्या पूर्ण व्यवस्थेत ३४ लिटर पाणी मावते. तोटीतून २० लिटर निघाले आणि ब्लॉक, होज व केबिनचा हीटर यांत १४ लिटर जुने पाणी तसेच राहिले. नव्या २० लिटरमध्ये ग्लायकॉल फक्त १० लिटर, म्हणजे ३४ मध्ये १०. असे पातळ मिश्रण उणे १५ अंशांच्या आसपासच तग धरते. श्रीनगरच्या आकड्यापेक्षा हे खाली आहे हे खरे, पण वाटेत थोडे पाणी गळले आणि चालकाने ढाब्यावरचे साधे पाणी ओतले, तर ही ढील संपायला वेळ लागत नाही. मग १० लिटर मिश्रण काढून तेवढेच निव्वळ कूलंट घातले, पुन्हा गाडी फिरवली, आणि काचेवरची रेषा ५० टक्क्यांवर आली. ब्लॉकची तोटी आधीच सोडली असती तर हे दुहेरी काम वाचले असते. ती गंजून जाम झाली होती आणि घाईत मेस्त्रीने तिच्यावर जोर दिला नव्हता. याशिवाय तयार मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवला आणि चालकांना साधे पाणी घालू नका असे बजावले.

हवेच्या टाक्यांची गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. टाकीखालचा झडपेचा दोरा ओढला, तेव्हा फसफसून आधी दुधाळ चहासारखे तेलकट पाणी बाहेर आले आणि जमिनीवर वीतभर डाग पडला. याचा अर्थ हवेतली ओल शोषणारा एअर ड्रायरचा डबा निकामी झाला होता. चौकशी केली, तर तो तीन वर्षांत बदललेला नव्हता. आपल्याकडे हे पाणी टाकीत पडून राहते आणि कधीतरी काढले जाते. काश्मीरच्या रात्रीत तेच पाणी पाइपात किंवा व्हॉल्व्हमध्ये गोठते, आणि सकाळी हवा भरलेली दिसूनही ब्रेकपर्यंत पोहोचत नाही किंवा सुटत नाही. ड्रायरचा डबा बदलला, कॉम्प्रेसरमधून तेल येत होते तेथील दुरुस्ती केली, आणि रोज संध्याकाळी गाडी उभी करताना टाक्यांतले पाणी काढून टाकायचे असे ठरवले. सकाळी नव्हे, संध्याकाळी. रात्रभर पाणी आत राहू नये म्हणून हा फरक चालकांना दोनदा समजावून सांगितला.

डिझेलबाबत सर्वाधिक चर्चा झाली. सीमाभागातले चालक पूर्वीपासून शक्य तितके डिझेल कर्नाटकात भरून निघत, कारण महाराष्ट्रात ते महाग पडायचे. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे पंपांवर रांग लागायची ती याचीच. त्यात गैर काही नव्हते. पण डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो आणि थंडीत तो कणांच्या रूपाने वेगळा होऊन फिल्टर बुजवतो. भारतीय मानकानुसार डिझेल ज्या तापमानाला फिल्टरमधून जाईनासे होते, त्याची कमाल मर्यादा उन्हाळ्यासाठी १८ अंश आणि हिवाळ्यासाठी ६ अंश आहे. म्हणजे कायद्याने योग्य असलेले डिझेलही काझीगुंडच्या पहाटे तुंबू शकते. लडाखसारख्या प्रदेशासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले, ते याच अडचणीवर. म्हणून असे ठरले की टाकी वाटेत जेमतेम पुरेल इतकीच भरत जायची, जम्मूत पोहोचताना ती पाव भरलेली असावी आणि उरलेली टाकी तेथे भरावी. थंड प्रदेशाला पुरवठा करणाऱ्या पंपाचे डिझेल त्या प्रदेशाला धरून असण्याची शक्यता अधिक असते.

गाडीवर जाणाऱ्या दोघा चालकांपैकी मोठ्याचा सल्ला वेगळा होता. "अण्णा, पाच लिटर रॉकेल ओतलं की झालं, आम्ही पूर्वी तसंच करायचो," असे तो म्हणाला. जुन्या पंपांच्या इंजिनांवर ते चालून गेले असेल, परंतु या इंजिनाचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर फिरतो. रॉकेल त्याला कोरडे पाडते आणि पंप व इंजेक्टर यांचा खर्च सोसवणारा नसतो. मी हे सांगितल्यावर त्याने पंपाची किंमत विचारली आणि विषय तेथेच संपला. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, एक जोड गाडीत ठेवला आणि पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची तोटी रोज सोडायची असे ठरले.

ॲडब्लूबाबत मात्र काळजीचे कारण थोडे होते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि ते उणे ११ अंशांना गोठते, परंतु टाकीत इंजिनाच्या गरम पाण्याची नळी फिरवलेली असते आणि गोठले तरी ते आपोआप वितळते. टाकी काठोकाठ भरायची नाही, आणि त्यात गरम पाणी किंवा कूलंट कदापि घालायचे नाही, इतकेच सांगितले.

दोन बॅटऱ्यांपैकी एकीच्या आम्लाच्या घनतेचे मोजमाप १.२७ आणि दुसरीचे १.२१ आले. मालकांना फक्त दुसरीच बदलायची होती. दोन्ही एकापाठोपाठ जोडलेल्या असतात आणि कमजोर बॅटरी चांगलीलाही ओढून नेते, शिवाय थंडीत बॅटरीची ताकद कमी होते व त्याच वेळी घट्ट झालेले तेल फिरवायला सेल्फला अधिक जोर लागतो. जवळजवळ उतरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे सात-आठ अंशांतच गोठू शकते. अखेर दोन्ही बदलल्या. इंजिन ऑइल मात्र बदलले नाही. गाडीत १५डब्ल्यू-४० होते आणि श्रीनगरच्या थंडीला ते पुरेसे आहे. महागडे तेल विकू पाहणाऱ्याला मालकांनी नकार दिला, हे योग्यच झाले.

टायरांची नक्षी पाहून मागच्या चालत्या धुरीचे, म्हणजे इंजिन जिला फिरवते त्या धुरीचे, दोन बदलले. हवा मात्र बेळगावच्या दुपारी मोजून विसरता येत नाही. तीस अंशांत ११० पौंड भरलेला टायर शून्य अंशाला दहा-बारा पौंडांनी उतरलेला दिसतो, म्हणून जम्मूत पुन्हा मोजायची असे ठरले. साखळ्या आणल्या, तेव्हा मी त्या अंगणात लगेच चढवून पाहायला लावल्या. पहिल्या खेपेला चालकांना पन्नास मिनिटे लागली आणि एक साखळी टायरच्या मापाला आखूड निघाली. ती बदलून घेतली. तिसऱ्या खेपेला वीस मिनिटे लागली. कोरड्या अंगणात, उजेडात आणि उघड्या हातांनी जे काम वीस मिनिटांचे आहे, ते अंधारात, हातमोजे घालून आणि बर्फात गुडघे टेकून किती वेळाचे होईल याची कल्पना दोघांनाही आली.

धुके आणि माणसे

येथवर सारे लक्ष काश्मीरवर होते. परंतु अडीच हजार किलोमीटरहून लांबच्या या वाटेत बर्फाचा टप्पा फार थोडा आहे, आणि आग्र्यापासून जालंधरपर्यंतचा धुक्याचा टप्पा फार मोठा. डिसेंबर-जानेवारीत तेथे पहाटे समोरचे बॉनेट दिसत नाही. बर्फापेक्षा मला या पट्ट्याची भीती अधिक होती आणि ती मी लपवली नाही. मागचे लाल दिवे तपासले, पत्र्यावर नवी परावर्तक पट्टी लावली, पुढे खाली पिवळे दिवे बसवले. मालकांकडून एक शब्द घेतला की दिल्लीपलीकडे रात्री अकरा ते सकाळी नऊ गाडी चालणार नाही आणि उशीर झाला म्हणून चालकाला फोन केला जाणार नाही. माल एक दिवस उशिरा पोहोचला तरी चालेल, हे फाउंड्रीला त्यांनी स्वतः सांगितले.

दुसरा चालक खानापूर तालुक्यातला, पंचविशीतला, आणि त्याने बर्फ कधी पाहिला नव्हता. त्याच्यासाठी उबदार बूट, हातमोजे आणि दोन जाड रजया घेतल्या. त्याच्या आईने भाकरी, शेंगाची चटणी आणि एक छोटी शेगडीही बांधून दिली होती. शेगडी पाहून मी थांबलो. बंद केबिनमध्ये कोळसा किंवा स्टोव्ह पेटवून झोपल्याने कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. इंजिन रात्रभर चालू ठेवले आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला, तर धोका तोच. शेगडी घरी परत पाठवली. ती माउली आधी नाराज झाली, पण कारण कळल्यावर तिने स्वतःच मुलाला बजावले, "बाळा, रजई घे जास्तीची, पण आत काही पेटवायचं नाही."

घडलेले

गाडी ठरल्या दिवशी निघाली. धुक्यामुळे करनालच्या पुढे एक पूर्ण सकाळ ढाब्यावर गेली. जम्मूत हवामान स्वच्छ होते, म्हणून माल दुसऱ्या गाडीत न देता डिझेल भरून, टायरांची हवा मोजून ते पुढे गेले. जड गाड्या एका वेळी एकाच दिशेने सोडल्या जात असल्याने उधमपूरला एक रात्र थांबावे लागले. बनिहाल-काझीगुंडचा ८.४५ किलोमीटरचा नवा बोगदा पार करताना धाकट्या चालकाने मालकांना फोन केला आणि पलीकडे सगळे पांढरे आहे असे सांगितले. हा बोगदा सुमारे १७९० मीटर उंचीवर, जुन्या जवाहर बोगद्याच्या जवळजवळ चारशे मीटर खाली आहे, त्यामुळे सर्वांत उंच आणि बर्फाचा जुना टप्पा आता टळतो. श्रीनगरला माल वेळेत उतरला.

अडचण परतीला आली. पुलवामाजवळच्या शीतगृहातून सफरचंदे भरून गाडी काझीगुंडला पोहोचली, त्या संध्याकाळी पावसासारखा ओला बर्फ सुरू झाला आणि रामबनकडे रस्ता बंद झाल्याने गाड्यांची रांग दोन रात्री उभी राहिली. शेजारच्या एका गाडीच्या चालकाने सकाळी डिझेल टाकीखाली चिंध्या पेटवल्या. आपल्या मोठ्या चालकाने जाऊन त्याला अडवले, आपल्याकडचा जादा फिल्टर दिला आणि तो बदलून ती गाडी सुरू करून दिली. आपली गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. हवा भरली, दाबाचा काटा वर आला, हँडब्रेक सोडला, आणि गाडी जागची हलली नाही.

मागच्या डाव्या बाजूची दोन चाके गोठली होती. ओल्या रस्त्यावरून आल्यावर तापलेल्या ड्रममध्ये पाणी गेले, आणि उभे राहताच चालकाने सवयीने हँडब्रेक ओढला. लायनर ड्रमला चिकटून राहिले आणि मधल्या पाण्याचा बर्फ झाला. चालकाने जोर लावून गाडी ओढायचा प्रयत्न केला नाही, हे त्याचे श्रेय आहे, कारण त्याने लायनर उखडला असता किंवा टायर घासला असता. त्याने मला फोन केला. गाडी थोडी पुढे-मागे हलवत, ड्रमच्या बाहेरून लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकत राहायला मी सांगितले. गरम पाणी ओतायचे नाही हेही सांगितले, कारण ते तासाभरात पुन्हा गोठते. दीड तासाने आधी एक आणि मग दुसरे चाक "कट" असा आवाज करून सुटले. तो आवाज फोनवर मलाही ऐकू आला.

सफरचंदांचे नुकसान झाले नाही. ताडपत्री दुहेरी होती आणि पेट्यांच्या कडेला गवताचे थर होते. गाडी एकूण सतरा दिवसांनी बेळगावात परत आली.

काय वेगळे करता आले असते

हँडब्रेकचा दोष मी चालकाला देत नाही. ओल्या रस्त्यावरून आल्यावर आधी दोन-तीन वेळा हलका ब्रेक मारून लायनर सुकवावेत, सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढू नये, हे मी त्यांना तोंडी सांगितले होते. पण वीस वर्षांची हाताची सवय एका वाक्याने सुटत नाही. बाकीच्या साऱ्या गोष्टींसाठी आम्ही सुटे भाग आणले, मोजमाप केले, सराव केला. या एका गोष्टीसाठी फक्त बोललो. साखळ्या जशा अंगणात चढवून घेतल्या, तसेच ठोकळे लावून गाडी उभी करण्याचाही सराव घ्यायला हवा होता. आता मालकांनी हँडब्रेकच्या मुठीला लाल कापड बांधायचे ठरवले आहे. थंड प्रदेशात शिरताना ते बांधायचे आणि उतरल्यावर सोडायचे.

दुसरी त्रुटी एक्झॉस्ट ब्रेकची, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी मंद करणाऱ्या ब्रेकची. घाटात तो वापरण्याची आपल्या चालकांना उत्तम सवय आहे, पण निसरड्या रस्त्यावर तो फक्त चालत्या चाकांना आवळतो आणि गाडीचा मागचा भाग सरकू शकतो. कमी गिअरमध्ये हळू उतरणे हाच तेथला उपाय. हे आम्ही यादीत घेतलेच नव्हते. परतीच्या उतरणीवर गाडी एकदा हातभर सरकल्याचे मोठ्या चालकाने घरी आल्यावर सांगितले. फोनवर त्याने ते सांगितले नव्हते, कारण मालकांना काळजी वाटली असती. अशा गोष्टी वाटेत असतानाच कळाव्यात यासाठी, उशीर झाल्यास जसे बोलणार नाही असा शब्द मालकांनी दिला होता, तसाच शब्द चुकीबाबतही द्यायला हवा होता, असे मला वाटते.

माल जम्मूत हलवण्याचा पर्याय या खेपेला वापरावा लागला नाही, म्हणून तो अनावश्यक ठरत नाही. बर्फ दोन दिवस आधी पडला असता तर तोच वापरावा लागला असता, आणि फाउंड्रीची संमती हाती असल्याने वाद झाला नसता. मालकांनी मला नंतर विचारले की पुढच्या वर्षी जानेवारीचे भाडे आले तर घ्यावे का. मी त्यांना जानेवारीत जम्मूपर्यंतचेच घ्यायला सांगितले. त्यांनी वहीत तसे लिहून ठेवले, आणि त्याच पानावर ड्रायरचा डबा बदलल्याची तारीखही टिपली.